भाव शेवटी विचारायचा

भाडं ठरवताना मी भाव सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, माल कुठं खाली होणार? कुणाचं गोडाऊन, हमाल कुणाचे, दुपारी शटर ओढतात का, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? ब्रोकर नवखा असला की वैतागतो. त्याला वाटतं, ह्या गाडीवाल्याला भाडं नकोच आहे, नुसता टाइमपास चाललाय. जुने ब्रोकर मला ओळखून आहेत. फोन लागला की आधी खालीचा पत्ता सांगतात, मग टनाचा आकडा.

माझी दहाचाकी आहे. मालक मी, ड्रायव्हरही मीच. गाव कराडजवळ, म्हणजे पुणे-बंगळूर हायवे दारातच. इथून जायला माल मिळतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की साखर, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचं कास्टिंग तर बाराही महिने. खरा घोर परतीचा असतो. जायचं भाडं कुणीही देतो. आपण पोचलो की गाडी कुठं आणि कोणत्या दिवशी रिकामी होणार, ह्यावर त्या भाड्याची किंमत ठरते.

रत्नागिरीचं भाडं घ्या. आंबा घाट उतरून जायचं, अंतर थोडं, आणि किलोमीटरमागे पैसे बघितले तर डोळे दिपतात. पण तो भाव उदारपणाचा नाही. तिकडून दहाचाकीला भरती मिळणं अवघड, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून रिकाम्या परतीचं डिझेल त्यानं आधीच त्यात घातलेलं असतं. आंब्याच्या दिवसांत कोकणातून गाड्या धावतात, हे खरं. पण त्या पेट्या बहुतेक छोट्या, पळत्या गाड्यांतून जातात. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणजे हे भाडं वाईट नाही, फक्त ते दोन्ही बाजूंचं भाडं आहे असं समजून घ्यायचं. एका बाजूचं समजून जो खूश होतो, त्याचा हिशेब घाट चढून वर येईपर्यंत संपलेला असतो.

याच्या उलट होस्पेट. बंगळूरपेक्षा होस्पेटचं भाडं एकूण रकमेत कमीच असणार, अंतर कमी. तरी दोन्ही समोर आली तर मी होस्पेटकडे झुकतो. कारण तिथून तासाभराच्या आत तोरणगल्लू आहे, जिंदालचा पोलादाचा अवाढव्य कारखाना. तिथून सळी, पत्रा पुण्या-मुंबईकडे रोज सुटतो. बंगळूरला माल मुबलक, पण गाड्याही तितक्याच, आणि शहरात दिवसा मोठ्या गाडीला शिरू देत नाहीत. बाहेर थांबून रात्रीची वाट बघायची. होस्पेटला सकाळी खाली झालो तर दुपारी तोरणगल्लूच्या रांगेत असतो. लोखंडाचा एक त्रास आहे. कॉइल असेल तर साखळ्या आणि लाकडी ठोकळे स्वतः उभं राहून लावून घ्यावे लागतात. कितीही झोप येत असली तरी ते काम क्लीनरवर सोडत नाही. पण माल कळंबोलीच्या लोखंड बाजारात उतरला की मुंबई-उरण पट्ट्यातून घराकडे यायला काही ना काही मिळतंच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकड्यांशिवाय हे सगळं नुसतं ज्ञान पाजळणं होईल. समजा, एकाच गावाची दोन भाडी आहेत. एक टनाला 2000, दुसरं 2200. पासिंगमध्ये 18 टन भरले तर फरक 3600 रुपयांचा. आता बँकेचा हप्ता, विमा, परमिट, क्लीनरचा पगार हे सगळं महिन्याला मांडून तीसनं भागा. समजा दिवसाला 3000 आले. गाडी चालो की उभी राहो, हे जातातच. 2200 वाल्याच्या गोडाऊनला खाली व्हायला दोन दिवस जास्त लागले, तर 3600 मिळवून 6000 घालवले. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे मिळतील म्हणता? कागदावर असतात. मागायला गेलं की पार्टी ब्रोकरकडे बोट दाखवते आणि ब्रोकर पार्टीकडे.

त्यात वाराई आणि हमाली. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही आम्हा गाडीवाल्यांची जुनी मागणी, घोषणा म्हणून फार छान. प्रत्यक्षात खाली करताना मुकादम गाडीजवळ येऊन उभा राहतो आणि खिसा आपलाच उघडतो. म्हणून हमाल कुणाचा, हे मी भरायच्या आधी, फोनवर, शक्यतो मेसेज करून विचारतो. लेखी उत्तर यायला उशीर झाला की समजायचं.

कागदाचंही तसंच. ई-वे बिलाची मुदत 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस आहे. आधी 100 ला होती. पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर पडला की घड्याळ चालू होतं. काही पार्ट्या सकाळीच बिल काढून ठेवतात आणि गाडी भरतात रात्री. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी, आणि त्या वेळेला पार्टीचा मुनीम फोन उचलेल याची खात्री नाही. म्हणून मी काटा पावती हातात आल्याशिवाय नंबर टाकू देत नाही. टीडीएसचंही आधी बोलून घेतो. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असणाऱ्यानं पॅन आणि तसं लिहून दिलं तर कापायचा नसतो. हे ठाऊक नसलेले मुनीम अजून भेटतात, आणि ठाऊक असून कापणारेही.

2018 च्या जुलैमध्ये सरकारनं ॲक्सलचं वजन वाढवून दिलं. दहाचाकीचं गाडीसकट वजन 25 टनांवरून 28.5 वर गेलं. ओव्हरलोडची भीती कमी झाली म्हणून आमच्यातले बरेच जण खूश होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बाजारात माल तेवढाच, आणि प्रत्येक गाडी तीन-साडेतीन टन जास्त उचलणार. मग उरलेल्या गाड्या काय करणार? भाव पाडणार. साडेतीन टन जास्त वाहून टायर मात्र आपलेच झिजले.

भाडं शोधून देणाऱ्या मोबाईलवरच्या ॲपबद्दल लोक मला विचारतात. वापरतो. अनोळखी गावात, रात्री, कुणी ओळखीचं नसताना त्याचा उपयोग होतो. पण ॲपवर भाव दिसतो, अंतर दिसतं. ही पार्टी पोहोच मिळाल्यावर बाकी आठवड्यात देते की दोन महिन्यांनी, हे दिसत नाही. ते त्याच गावच्या चहाच्या टपरीवर, आधी तिथं खाली झालेल्या ड्रायव्हरला विचारावं लागतं. ड्रायव्हर खोटं बोलत नाही. त्याला बोलायची हौसच इतकी असते की खरं बाहेर पडतंच. ॲडव्हान्स किती, ह्यावरूनही अंदाज येतो. डिझेल-टोल निघेल इतका रोख ॲडव्हान्स द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून बाकी मिळवायला मला त्याच्या दारात बसावं लागणार. ते बसण्याचे दिवसही त्या भाड्यातच धरायचे.

बहिणीच्या मुलानं यंदा सेकंड हँड बाराचाकी घेतली. परवा त्याचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. "मामा, नागपूरचं भाडं आलंय, आपल्या नेहमीच्या रेटपेक्षा टनाला तीनशे जास्त. घेऊ?"

"खाली कुठं?"

"साइटवर. कुठल्याशा पुलाचं काम आहे."

"साइटवर क्रेन आहे का? रविवारी कामाला असतात का? आणि नागपुरातनं परत कुणाचा माल?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "विचारतो आणि परत फोन करतो."

अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला: क्रेन सोमवारी येणार, परतीला संत्र्याचं बघतो. मी लिहिलं, संत्र्याला अजून महिना आहे, सोमवारच्या क्रेनचं हॉल्टिंग लिहून घे, नाहीतर सोड.