घरून चारून निघावे

वाचकहो, आपल्या गावाकडे 'मोटर' म्हटले की विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे येतो. शहरात मोटार म्हणजे चारचाकी. आज जिच्याविषयी लिहितो आहे ती वस्तू दोन्ही आहे. विजेच्या मोटरवर चालणारी मोटारगाडी! अशी एक लहान गाडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली. माझे बिऱ्हाड भाईंदरला, घर आणि शेती वाडा तालुक्यात. तिथे आई, थोरला भाऊ आणि वहिनी असतात. गेल्या पावसाळ्याआधी दादाचा फोन आला, "तुझ्यासारखी गाडी घेऊ का? सोसायटीतून कर्ज मिळतंय." माझ्या एका शब्दावर तो कर्ज काढणार होता. म्हणून मला काय ठाऊक आहे आणि काय नुसते ऐकलेले आहे, याची मी आधी झाडाझडती घेतली. तीच तुम्हांला सांगतो.

पहिली भीती पाण्याची. आमची इमारत भाईंदर पूर्वेला आहे. एकीकडे खाडी, दुसरीकडे मिठागरे, जमीन सखल. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळी आली की रस्त्यावर पाणी साचते. पहिल्या पावसात आमचा वॉचमन गाडीपासून चार हात लांब उभा राही. म्हणे, ओल्या गाडीला हात लावला तर झटका बसेल! मी त्याला रेल्वेकडे बोट दाखवले. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तेव्हापासून शंभर पावसाळे झाले, माणसे विजेच्या गाडीतून भिजत जातच आहेत. मोटारीची बॅटरी गाडीच्या तळाशी पक्क्या बंद पेटीत असते आणि काही बिघाड झाला तर आतली यंत्रणा वीज आपोआप तोडते. मात्र याचा अर्थ गाडी म्हणजे होडी असा नव्हे. कंबरभर पाण्यात कोणतीच गाडी घालू नये, आणि पुरात बुडून राहिलेली विजेची गाडी कारागिराने तपासल्यावाचून सुरू करू नये.

दुसरी भीती आगीची. सोसायटीच्या बैठकीत यावरून दीड तास वाद झाला. ही भीती अगदीच निराधार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाक्या पेटल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, पण या बॅटरीला लागलेली आग विझवायला अवघड असते आणि विझली असे वाटले तरी पुन्हा भडकू शकते, हे खरे आहे. म्हणून स्वस्तातली बनावट बॅटरी, जोड दिलेली वायर आणि सैल प्लग या तीन गोष्टी टाळाव्यात. आमच्या सोसायटीने शेवटी माझ्याच मीटरवरून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घालण्याच्या अटीवर परवानगी दिली. अट योग्यच होती.

तिसरा समज असा की बॅटरी तीन वर्षांत मरते. हा समज घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून आला. ती शिशाची असते. मोटारीतली लिथियमची असते, आणि बऱ्याच कंपन्या तिची आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ती हळूहळू थकते, जसा बैल वयाने थकतो. पण हमी संपल्यावर पूर्ण बॅटरी बदलायची पाळी आली तर खर्च लाखांत जातो, हेही लक्षात असू द्या.

चौथा समज गाडीला ताकद नसते असा. तुम्ही विहिरीवर बटण दाबता, तेव्हा मोटर हळूहळू जोर धरते का? क्षणात पाणी खेचते. हीही तशीच. उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते, त्यामुळे चढ सहज चढते, आणि उतारावर चाकांच्या गतीतून थोडी वीज बॅटरीत परत भरते.

हे झाले भीतीचे. आता उलट बाजूचे, म्हणजे कौतुकाचे समजही पाहू. मला विचाराल तर फसवतात जास्त तेच.

विकताना छापलेल्या पुस्तकात माझ्या गाडीचा पल्ला तीनशे किलोमीटरच्या वर लिहिला होता. बॅटरी २४ युनिटांची. पुस्तकातला आकडा चाचणीच्या ठरावीक चालीवरचा असतो. उन्हाळ्यात, एसी लावून, महामार्गावर मला एकशे नव्वदच्या आसपास मिळतात. हे ठाऊक असूनही मी एकदा चुकलो.

मे महिना होता. आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू भाईंदरला काढायचा होता. सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी, आणि एकदा पाऊस लागून पेरणी सुरू झाली की आई घर सोडणार नाही, हे आम्हां सर्वांना माहीत होते. आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरून मी गावी गेलो. भाईंदरहून घोडबंदरची खाडी ओलांडून मनोर, आणि तिथून वाडा, असे आमचे घर सुमारे नव्वद किलोमीटर. गेल्यावर गाडीचे कौतुक करण्यात दोनदा बाजारात फेरी झाली. रात्री जेवल्यावर प्लग लावू म्हटले, तर वावटळ आली आणि लाईट गेली. ती सकाळपर्यंत आलीच नाही. पहाटे पाहतो तो बॅटरी बेचाळीस टक्के!

नव्वद किलोमीटरला सत्तेचाळीस टक्के तरी लागणार होते. पाच वाजता निघालो. एसी बंद, खिडक्या उघड्या, पन्नासच्या वर वेग नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते. माझे लक्ष रस्त्यापेक्षा आकड्यावरच होते. मनोरच्या पुढे महामार्गावर एका हॉटेलाच्या आवारात चार्जर होता, पण तिथे आधीच एक गाडी लागलेली. ती निघेपर्यंत वीस मिनिटे आणि आमची भरेपर्यंत अर्धा तास गेला. आईला मी घाबरत घाबरत सांगितले, "आई, माझंच चुकलं." तिने डबा उघडून माझ्या हातात भाकरी ठेवली आणि म्हणाली, "बैलाला कोणी वाटेत चारतं का रे? घरून चारून काढतात."

आम्ही दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. डॉक्टरांनी दुसरा रुग्ण आधी घेतला होता, त्यामुळे निभावले. आता आई तांदूळ चष्म्यावाचून निवडते. पण तिचे ते वाक्य मी विसरलो नाही. या गाडीची सारी विद्या त्यातच आहे. पेट्रोलची गाडी वाटेत चारता येते. विजेची गाडी रात्री गोठ्यात चारायची आणि सकाळी काढायची. म्हणून ती कोणाला परवडेल, हे ती रात्री कुठे उभी राहते यावर अवलंबून आहे.

पैशांचे गणितही असेच. घरची वीज युनिटला दहा रुपये धरली, तर नव्वद किलोमीटरला सव्वाशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, तेव्हा तोच प्रवास पाचशेच्या पुढे जातो. मात्र महामार्गावरच्या चार्जरचा दर घरच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. शिवाय गाडी घेताना जास्त मोजलेले पैसे फिरण्यातूनच भरून येतात. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीला ते जमणार नाही. टोल सगळीकडे माफ आहे, हाही गैरसमज. राज्य सरकारने ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे माफी दिली. गावी जाताना खानिवड्याच्या नाक्यावर मी टोल भरतोच.

आणि ही गाडी धूरच करत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी डहाणूकडे बघायला सांगतो. तिथले ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र आपल्याच पालघर जिल्ह्यात, चिकूच्या वाड्यांच्या मुलखात आहे आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. माझ्या गाडीमागे धूर नसतो, पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. तेवढ्याच इंधनात विजेची मोटर जास्त काम देते, आणि छपरावर सूर्याची वीज असेल तर उत्तमच.

असो. दादाला मी काय सांगितले? म्हटले, आधी तीन गोष्टी तपास. एक, तू रोज किती किलोमीटर फिरतोस ते महिनाभर वहीत लिही. दोन, जवळचा कारागीर किती लांब आहे ते बघ. तीन, घरची वायरिंग दाखवून घे. पंधरा अँपियरच्या प्लगवर माझी गाडी सुमारे तीन किलोवॅट वीज घेते. पाच हॉर्सपॉवरच्या पंपापेक्षा कमीच, पण रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास सतत घेते. त्यासाठी मंजूर भार, पुरेसा दाब आणि चांगले अर्थिंग हवे. पंपाच्या जोडणीवर गाडी लावायची नाही, हेही बजावले. ती वीज शेतीसाठी सवलतीची आहे. गाडीला वापरली तर तो अनधिकृत वापर ठरून दंड होतो.

वायरमनने घर तपासले, तर अर्थिंग नावालाच होते. वायर जमिनीत पोहोचतच नव्हती! दादाने खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून नवे अर्थिंग करून घेतले. गाडी अजून घेतलेली नाही. वहीत रोजचे किलोमीटर लिहिणे चालू आहे, आणि भात घरात आल्यावर तो ठरवणार आहे. परवा वहिनीचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी येईल तेव्हा येईल. पण ओट्यावरच्या मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येत, त्या बंद झाल्या बघा."

वाचकहो, गाडी घ्या अगर घेऊ नका, पण आपल्या घरचे अर्थिंग या आठवड्यात जरूर तपासून घ्या.