बाबांचा अंदाज बरोबर होता

२०१० साली बाबांनी माझ्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. मी पाचवीत होतो. त्या वर्षी थ्रीजी आणि वायरलेस ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमचे लिलाव झाले, सरकारला एक लाख कोटींहून जास्त मिळाले. ‘वायरी जाणार, इंटरनेट हवेतून येणार,’ असं आईला सांगत बाबांनी एका टेलिकॉम कंपनीचे शेअर्स घेतले.

इंटरनेट हवेतूनच आलं. फक्त ज्या वायमॅक्सची तेव्हा चर्चा होती ते मागे पडलं, एलटीई जिंकलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि स्पेक्ट्रमसाठी कर्ज काढलेल्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. माझी बारावी झाली तोवर बाबांचे शेअर्स कवडीमोल झाले होते. मी एज्युकेशन लोन काढलं. हप्ते अजून चालू आहेत. बाबांवर राग होता, कधी बोललो नाही.

परवा ऑफिसमधला मित्र म्हणाला, ‘फाइव्हजीवाले शेअर्स घे, पुढे सिक्सजी येतंय.’ अ‍ॅप उघडलं, तेवढ्यात गावाहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. शेताच्या बांधावरून, चित्र एकदम स्वच्छ. त्यांना सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘इंटरनेट येणार का, एवढंच मी बघितलं. कंपनीवर कर्ज किती, पैसा शेवटी कुणाच्या हातात उरणार, हे विचारलंच नाही रे.’

फोन ठेवून मी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. आधी कर्जाचं पान शोधलं.