लाटेची फाइल

९ जानेवारी २०२४, ला किंटा, कॅलिफोर्निया

लेकीच्या घरापासून मॅडिसन रस्त्याने दक्षिणेकडे गेले की बंदिस्त वसाहतींच्या भिंती संपत जातात आणि समोर एक बुटका, काळपट डोंगर येतो. कोरल माउंटन. त्याच्या पायथ्याशी ३८६ एकरांवर ६०० घरे, १५० खोल्यांचे हॉटेल आणि मधोमध १६ एकरांहून मोठा लाटांचा तलाव होणार होता. केली स्लेटर या जगज्जेत्या सर्फरच्या कंपनीचे तंत्र वापरून भर वाळवंटात समुद्राची लाट उठवायची, असा बेत. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या कौन्सिलने पाच विरुद्ध शून्य मतांनी जमीन-वापर बदलाची मागणी फेटाळली.

नगररचना खात्यात माझी उभी हयात गेली. वापर बदलाची प्रकरणे रोजच्या टपालात असायची. ती लांबतात, अडतात, अटी घालून मंजूर होतात. गुंतवणूकदार दारात उभा असताना एकमताने नाकारलेले प्रकरण मात्र विरळा. ही फाइल वाचायचीच असे ठरवले. लेक म्हणाली, "बाबा, सगळं शहराच्या संकेतस्थळावर आहे, लोकांच्या पत्रांसकट."

११ जानेवारी

सकाळी डोंगराजवळ गेलो. खडकावर एका उंचीपर्यंत खरखरीत, फिकट थर चढला आहे. प्रवाळासारखा दिसतो म्हणून डोंगराला कोरल नाव पडले, पण तो आहे चुनखडीचा, गोड्या पाण्याने जमवलेला. कोलोरॅडो नदी पात्र बदलून या खोलगट भागात शिरली की इथे प्रचंड सरोवर भरायचे. नदी पुन्हा समुद्राकडे वळली की ते आटायचे. अनेक शतके हे चालले. शेवटचे मोठे सरोवर अठराव्या शतकातले. आज त्याला कावीया सरोवर म्हणतात. सांता रोझा डोंगररांगेच्या पायथ्याला त्याच्या काठाची रेघ मैलोगणिक ओळखू येते. इथल्या मूळ आदिवासी कावीया लोकांनी आटत्या पाण्याच्या मागोमाग दगडांचे मासे पकडायचे बांध रचले. त्यांतले काही दक्षिणेला अजून टिकून आहेत.

म्हणून इथे जमीन खणायची तर आधी त्या लोकांशी बोलावे लागते. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत पर्यावरण तपासणीचाच भाग केली. शहराने कळवायचे, ३० दिवसांत त्यांनी बोलणी मागायची, आणि मागितली तर शहराला बसावेच लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे देवराई, वीरगळ, जुनी विहीर यांची नोंद मोजणीच्या नकाशात असली तर असली. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून "इथे काय आहे?" असे विचारण्याची सक्ती नगररचनेच्या कोणत्याच कलमात नाही.

१३ जानेवारी

दिवसभर कायदा वाचला. कॅलिफोर्नियाचा पर्यावरण गुणवत्ता कायदा १९७० चा, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीचा. सुरुवातीला तो फक्त सरकारी कामांना लागू आहे असाच समज होता. मोनो परगण्यातल्या मॅमथ या डोंगरी पर्यटनगावात खासगी घरसंकुलाला परवानगी मिळाली, रहिवासी कोर्टात गेले आणि १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परवानगी देणे हीसुद्धा सरकारी कृतीच आहे. तेव्हापासून खासगी बांधकामही तपासणीखाली आले. म्हणजे या कायद्याचा कणा एका सुट्टीच्या गावातल्या भांडणातूनच तयार झाला.

१५ जानेवारी, संक्रांत

लाडू झाले, फोन झाले. मग पाण्याचा हिशेब.

तलाव एकदा भरायला सुमारे १ कोटी ८० लाख गॅलन, म्हणजे पावणेसात कोटी लिटरच्या आसपास. हे झाले एकदाचे. रोजची खरी गळती उन्हाची. जवळच्या साल्टन सी सरोवरावरून वर्षाला अंदाजे ६ फूट पाणी वाफ होऊन जाते. तोच दर इथे धरला तर साडेसोळा एकरांवरून वर्षाला बारा कोटी लिटर हवेत जाईल. पाऊस पडतो तीन-चार इंच.

विकासकाचे म्हणणे असे की याच जमिनीवर आधीच्या मंजुरीनुसार गोल्फचे मैदान करता येते आणि लाटेला त्याहून कमी पाणी लागते. हे खोटे नाही. वाळवंटातले अठरा होल्सचे मैदान माझ्या वरच्या आकड्याच्या कित्येक पट पाणी पिते, आणि या एका खोऱ्यात अशी सुमारे १२० मैदाने आहेत. पण सर्वांत तहानलेल्या शेजाऱ्याशी तुलना केली की कोणीही काटकसरी ठरतो. कायदा इथे चोख आहे: मुख्य तुलना आज जमिनीवर प्रत्यक्ष जे आहे त्याच्याशी करायची. कागदावर काय करता आले असते, ते पर्यायांच्या प्रकरणात स्वतंत्र मांडायचे. दोन्ही तुलना वाचकासमोर हव्यात. कोरल माउंटनच्या पायथ्याशी प्रत्यक्षात होती वाळू आणि झुडपे.

शिवाय काळ पाहा. या खोऱ्यातल्या शेतीला आणि गोल्फला कोलोरॅडोचे पाणी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कालव्याने येते. भूजल भरणही त्याच पाण्याने होते. ला किंटा परिसरात उपशामुळे जमीन खचत होती. २००९ मध्ये पुनर्भरण केंद्र सुरू झाल्यावर खचणे थांबू लागले. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात, नेमकी सुनावणी चालू असताना, त्या नदीवरचा लेक मीड जलाशय पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला. व्यापारी आवारातल्या शोभेच्या हिरवळीला पाणी घालायला राज्याने बंदी केली होती. अशा वेळी लाटेचे समर्थन कोणत्या तोंडाने करायचे?

पाचशेहून अधिक घरांच्या प्रकल्पाला इथे पाणीपुरवठा संस्थेचा लेखी निर्वाळा लागतो: पुढची २० वर्षे, सलग कोरड्या वर्षांतसुद्धा, पाणी कुठून येणार. २००१ चा कायदा आहे. आपल्या शहरांच्या कडेला टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या डोळ्यांपुढे आल्या.

१८ जानेवारी

आज पत्रे वाचली. पाणी, सर्फिंगचा आवाज, ८० फुटी दिव्यांच्या खांबांनी विझणारे रात्रीचे आकाश, डोंगरातल्या रानमेंढ्या, दर आठवड्याला बदलणारे भाडेकरू. काही पत्रे वकिली कसबाची, काही दोन ओळींची. "आम्ही इथे शांततेसाठी आलो," एवढाच मथितार्थ.

आणि प्रत्येकाला उत्तर! पत्राला क्रमांक, परिच्छेदाला क्रमांक, समोर उत्तर. मसुदा अहवालावर साधारण ४५ दिवस लेखी म्हणणे घ्यायचे, आणि पर्यावरणाबद्दलच्या प्रत्येक मुद्द्याचे कारणांसह उत्तर अंतिम अहवालात छापायचे, हा नियम आहे. पुराव्याशिवाय "परिणाम नगण्य आहे" असे म्हणून सुटता येत नाही. उत्तर डावलले तर कोर्ट मंजुरी रद्द करू शकते.

मी किती सुनावण्यांना बसलो त्याची मोजदाद नाही. विकास योजनेवर हरकती येतात, नियोजन समिती सुनावणी घेते, शेतकरी सातबारा हातात धरून दोन मिनिटे बोलतो, लिपिक टिपून घेतो. नंतर अंतिम नकाशा लागतो. आपले आरक्षण उठले की राहिले ते त्या माणसाला रंगावरून समजते. का, ते सहसा समजतच नाही. त्याच्या अर्जावर कारण लिहून द्यायला कितीसा कागद लागला असता? लोक सरकारशी असहमत राहू शकतात. निरुत्तर ठेवलेला माणूस मात्र पुढच्या सुनावणीला येत नाही, आणि मग आपण म्हणतो लोकसहभाग नाही.

इथेही सगळे सोन्याचे नाही. परिणाम टाळता येत नाही असे अहवालात मान्य करूनही कौन्सिल प्रकल्प मंजूर करू शकते. फक्त कोणत्या मोठ्या फायद्यासाठी हे नुकसान पत्करले, ते लिहून ठेवावे लागते. म्हणजे कायदा निर्णय देत नाही, निर्णयाचे कारण उघड्यावर आणतो. उलट नाकारायचे असेल तर अहवाल प्रमाणित करायचीही गरज नसते. ला किंटाने नाकारले ते मुख्यतः जागेसाठी: शांत वस्तीच्या कुशीत पर्यटन व्यवसायाचा वापर बसत नाही म्हणून. हा शुद्ध नगररचनेचा निर्णय होता. मला तो बरोबर वाटतो.

२१ जानेवारी

पाम डेझर्टला गेलो. तिथला सर्फ रिसॉर्ट २०१९ मध्ये मंजूर झाला. तलाव साडेपाच एकरांचा, आणि आधीच गोल्फ असलेल्या रिसॉर्टच्या आवारात. पाण्याची भरपाई म्हणून शेजारच्या मैदानावरची हिरवळ काढायची, अशी तजवीज मंजुरीत आहे. हे मला पटले: नवे पाणी मागायचे तर जुने कुठून सोडणार ते त्याच कागदावर.

परतताना रँचो मिराजमध्ये डिस्नेच्या कोटिनो वसाहतीचे काम दिसले. ६१८ एकर, मध्ये २४ एकरांचे निळे पाणी. तीसुद्धा मंजूर.

२४ जानेवारी

थर्मल. ला किंटापासून गाडीने थोडकाच रस्ता, पण खजुराच्या बागा, भाजीची शेते, मजुरांच्या फिरत्या घरांच्या वस्त्या. बोलणे स्पॅनिश. इथल्या एका मोठ्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेबाहेर सापडले आणि २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेला तातडीचा आदेश काढावा लागला. लोक बाटलीचे पाणी पितात.

याच थर्मलमध्ये सर्फिंगच्या तलावाभोवतीचा बंदिस्त वसाहतीचा प्रकल्प २०२० मध्ये मंजूर झाला. रहिवाशांनी विरोध केला होता: आमच्या नळाला धड पाणी नाही आणि इथे खेळायला तलाव? थर्मलला स्वतःचे नगर नाही, कौन्सिल नाही. निर्णय परगण्याच्या पर्यवेक्षक मंडळाने घेतला, शंभरावर किलोमीटर लांब रिव्हरसाइडमध्ये.

कायदा एकच, खोरे एकच, मागणी जवळपास एकच. ला किंटात निवृत्त लोक होते. त्यांच्याकडे वेळ होता, वकील होते, हजार पानांचे इंग्रजी वाचायची ताकद होती, आणि ज्यांना मते दिली ते पाच जण समोर बसले होते. थर्मलमधली बाई पहाटे शेतात जाते. तिला दिवसाच्या सुनावणीला कोण सोडणार? चांगल्या कायद्याचा लाभही आधी त्यालाच मिळतो ज्याला रजा मिळते. कोरल माउंटनच्या विजयाचे कौतुक करताना थर्मल वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

२८ जानेवारी

रात्री आपली २००६ ची पर्यावरण अधिसूचना पुन्हा काढली. जनसुनावणीचे कलम: ३० दिवसांची सूचना, मराठीत सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीसमोर सुनावणी, चित्रीकरण. कागदावर हे थर्मलच्या लोकांना मिळाले त्याहून जवळचे आहे, कारण सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची असते. पण त्याच कलमात सवलतींची यादी आहे आणि तिच्यात सगळी बांधकामे, क्षेत्रविकास आणि टाउनशिप बसवल्या आहेत. २०,००० चौरस मीटरच्या आतले बांधकाम तर परवानगीच्याच बाहेर. जैसलमेरच्या सम वाळूच्या टेकड्यांपाशी, डेझर्ट नॅशनल पार्कला खेटून, तंबूंची आणि हॉटेलांची रांग आहे. तो भाग माळढोकचा शेवटचा मोठा आसरा. सोलापूरकडच्या नान्नजला माळढोक जवळजवळ संपला हे आपण पाहिले. समला उद्या कोणी लाटेचा तलाव मागितला, तर या अधिसूचनेखाली एकाही गावकऱ्याला बोलावणे येणार नाही. ही सवलत काढून टाकली पाहिजे. निदान पाणीटंचाईच्या तालुक्यांत आणि अभयारण्यांच्या भोवती तरी रिसॉर्ट व टाउनशिपला जनसुनावणी हवीच.

२ फेब्रुवारी

निघण्यापूर्वीची शेवटची नोंद. कोरल माउंटनच्या त्याच जमिनीसाठी २०२३ मध्ये नवा आराखडा आला: लाट नाही, गोल्फ आहे. लाटेला ज्या गोल्फची ढाल केली होती, ते खरोखरच पुढे आले. जमिनीचा जुना वापर बदलला नाही तर त्यातली तहान तशीच राहते. एकदा झालेली मंजुरी दर काही वर्षांनी आजच्या पाण्यावर तपासायची सोय ना इथे पुरेशी आहे, ना आपल्याकडे.

तोवर हातात आहे ते वापरावे. आपल्या गावाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली असेल तर महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकतीला ३० दिवस आहेत. वापर बदलाची कलम ३७ ची सूचना असेल तर एक महिना. हरकत लेखी द्या, गट क्रमांक लिहा, पाणी कुठून येणार हा प्रश्न पहिल्या ओळीत विचारा, लेखी उत्तर मागा, आणि आवक शाखेची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.