निरोपाची वाट पाहणारे

गेल्या दिवाळीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नांदेडला माझ्या घरी आला. जयभीम घालून बसला. पुण्यात तो संगणकाच्या मूळ प्रणालीवर काम करतो. मी इतिहासाचा शिक्षक. काम नेमके कसले, असे विचारल्यावर त्याने कागदावर चार चौकोन काढले. ते चार प्रोसेसर.

कर्नल म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारा गाभा. तो बदलायचा तर एरवी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. 2005 साली लिनक्समध्ये ‘केएक्झेक’ ही सोय आली. तिच्यामुळे चालू कर्नलच नव्या कर्नलला मेमरीत आणून ठेवतो आणि कारभार थेट त्याच्या स्वाधीन करतो. मात्र हे सत्तांतर एकाच प्रोसेसरवर घडते. उरलेल्यांना दुय्यम म्हणतात. जुन्या कर्नलने जाण्यापूर्वी त्यांचे काम रीतसर थांबवायचे असते. पुढे नवा कर्नल त्यांना एकेक करून जागे करतो. एखादा दुय्यम जुन्याच्या मेमरीत रेंगाळला आणि नव्याने ती जागा वापरली, तर तो भलत्याच आज्ञा पाळू लागतो.

“दुय्यम म्हणजे कमी कुवतीचे का रे?” मी विचारले.

“नाही सर. बहुतेक यंत्रांत घडण सारखीच असते. जो आधी जागा होतो तो मुख्य, एवढेच.”

हे उत्तर मनात घर करून राहिले. जन्माने नव्हे, केवळ आधी उठल्यामुळे मिळालेले ते मुख्यपण.

पुढे तो म्हणाला, काही एआरएम यंत्रांत दुय्यम प्रोसेसर मेमरीतील एका ठरावीक जागेकडे पाहत थांबतो. तेथे पत्ता लिहिला गेला की त्या पत्त्यावरून काम सुरू करतो. पण एकदा कामाला लागलेल्याला पुन्हा बंद करण्याची सोय तेथे नसते. 64-बिट एआरएमवर असा एकही प्रोसेसर जुन्या कर्नलमध्ये अडकलेला असेल, तर लिनक्स नेहमीचे केएक्झेक करण्यास नकार देते. कर्नल कोसळलाच तर गोष्ट निराळी. एरवी अडकलेल्याला मागे टाकून सत्तांतर होत नाही.

मी गप्प झालो. मला औशाकडचा एक मुलगा आठवला.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी लातूर जिल्ह्यातील एका निवासी शाळेत होतो. व्यवस्थापन बदलले. वसतिगृहाची चार्ज यादी मी तयार केली. खाटा, सतरंज्या, भांडी आणि त्या दिवशी हजर असलेले विद्यार्थी, सारे मोजले. आठवीतला तो मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेला होता. “निरोप येईल तेव्हा ये,” असे मीच त्याला सांगितले होते. तो यादीत राहून गेला. नव्या माणसांना तो ठाऊकच नव्हता, त्यामुळे निरोप कोणी धाडलाच नाही. त्याने दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि मग तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. मला हे वर्षभराने कळले. चूक माझी होती.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, हे मी दरवर्षी शिकवतो. कोण गेले, कोण आले, हे पुस्तकात असते. त्या दिवशी निरोपाची वाट पाहत कोण कोठे थांबले होते, हा प्रश्न मला त्या मुलाने शिकवला. ज्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या प्रेरणेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह निघाले, ती मुले अशीच यादीबाहेरची होती.

लवकरच मी निवृत्त होईन. वसतिगृहाचा चार्ज देताना माझ्या यादीच्या पहिल्या पानावर खाटा नसतील. गावी गेलेल्या, आजारी असलेल्या, फी थकल्यामुळे न परतलेल्या मुलामुलींची नावे, गावे आणि त्यांना काय सांगून पाठवले आहे, हे असेल. चार्ज घेणाऱ्यास एकच विनंती : ते पान वाचल्याशिवाय सही करू नका.