पगारचिठ्ठीवरचे इंग्रजी

मोलगी गावातल्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो ते पगारचिठ्ठीवरून. घरी भिलोरी किंवा पावरी, शाळेत मराठी, मुकादमाशी गुजराती, सुपरवायझरशी हिंदी, एवढ्या भाषा ही मुले सहज निभावतात. इंग्रजी त्यांच्याशी कोणी बोलत नाही, ती फक्त कागदावर भेटते. पैशाचा हिशेब मात्र त्याच कागदावर ठरतो.

घाट उतरून अक्कलकुवा, पुढे अंकलेश्वर, सुरत. त्या वाटेने कामाला गेलेली मंडळी होळीला परततात, तेव्हा चिठ्ठ्याही गावात येतात. फळ्यावर आधी दोन शब्द लिहितो: एम्प्लॉयर, एम्प्लॉयी. अर्थ सांगत नाही, विचारतो, ‘‘पैसे कोण देतो?’’ मग तिसरा शब्द येतो, कॉन्ट्रॅक्टर, आणि वर्गात वाद पेटतो. कारखाना एकाचा, हजेरी दुसऱ्याकडे, मग मालक कोण? तिथे ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’, म्हणजे ज्याचा कारखाना तो मूळ मालक, शिकवावाच लागतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी या मूळ मालकावर येते, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचे तत्त्व आहे.

मग ग्रॉस, डिडक्शन, नेट. पीएफ साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापला जातो. कंपनी बदलली तरी पीएफ खात्याचा यूएएन हा १२ आकडी क्रमांक तोच राहतो. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. हा हिशेब मुले स्वतः करतात, म्हणून शब्द विसरत नाहीत.

‘रिझाइन’ आणि ‘टर्मिनेट’ मी जोडीने शिकवतो. नोकरी दोन्हींत जाते; पहिल्यात कामगार सोडतो, दुसऱ्यात मालक काढतो. सही करण्याआधी वाक्यातले क्रियापद शोधा आणि ते कोण करतो आहे ते पाहा, एवढे व्याकरण मला पुरेसे वाटते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत चिठ्ठीच नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल बहुधा मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर. म्हणून ‘माय मदर इज अ वर्कर’ हे वाक्य मी प्रत्येकाकडून लिहून घेतो. पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई कामगारच आहे, हे मुलांच्या वहीत तरी नोंदले जावे.

स्थलांतराच्या गावांतल्या शिक्षकांना माझे सांगणे आहे. पुस्तकातले डॉक्टर आणि पायलट जरूर शिकवा. त्यासोबत एक खरी पगारचिठ्ठी, नाव आणि क्रमांक झाकून, वर्गात आणा. मुलांना आधी लागणारे इंग्रजी तिच्यावर आहे.