पुरंदरचा तिसरा तह

पुरंदरचे दोन तह आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पहिला १६६५ चा. त्यात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. दुसरा १७७६ चा, पेशव्यांचे कारभारी आणि इंग्रज यांच्यातला. तिसरा गेल्या भाऊबीजेला झाला आणि त्याचा साक्षीदार मी!

आईचे माहेर सासवड. पुण्याहून अवघे तीस किलोमीटर. दिवे घाट चढला की पुरंदरची मोकळी हवा लागते. पण सीताफळांच्या वडिलोपार्जित बागेत आईने हिस्सा मागितला, मामा रागावले आणि चौदा वर्षे तो घाट तिला चढवेना. यंदा तीच म्हणाली, "सोपानकाकांचं दर्शन घडव रे."

कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर, संगमेश्वराच्या पायऱ्यांवर आम्ही टेकलो. बाळाजी विश्वनाथ १७२० साली याच गावी निवर्तले, अत्रे जवळच्या कोडीतचे, त्यांच्या आत्मचरित्राला नाव याच कऱ्हेचे, असे माझे पुराण चालले होते. आईचे लक्ष नव्हते. "दादा आणि मी इथं पाण्यात पाय सोडून बसायचो," एवढेच ती म्हणाली.

सोपानकाकांच्या समाधीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ज्ञानोबासुद्धा एकदा रुसून ताटी लावून बसले होते. उघडायला विनवलं ते धाकट्या बहिणीनंच. चल."

मामा ओसरीवर सीताफळे निवडत होते. त्यांनी मान वर केली. कोणीच बोलेना. शेवटी आईच म्हणाली, "पाट मांड, दादा."

ओवाळून झाल्यावर मामांचा हात खिशाकडे गेला.

"पैसे नकोत. बांधावरच्या झाडाची चार सीताफळं दर दिवाळीला पाठवत जा."

"पाठवणार नाही," मामा म्हणाले. आईचा चेहरा उतरला. "न्यायला यायचं!"

मामी पदराने डोळे पुसू लागल्या.

हिश्श्याचा प्रश्न सुटला, असे मात्र समजू नका. कागद अजून कचेरीतच आहेत, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत. शिवाय पहिला तह पाच वर्षांतच मोडला होता, हेही मी विसरलो नव्हतो. म्हणून घाट उतरताना भीतभीतच विचारले, "आता पुढच्या दिवाळीला यायचं ना?"

मांडीवरची पाटी सावरीत आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? पौषात अंजिरं येतात."