बारा जीबी की कमी धग

आज जळगावला गोलाणी मार्केटात तासभर उभा होतो. धुळ्याला अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो. फोरके फुटेज आलं की जुनं ग्राफिक्स कार्ड अडकतं, म्हणून नवं घ्यायचं होतं, दोनपैकी एक. आरटीएक्स ३०६० ची मेमरी १२ जीबी, ४०६० ची ८. मन बाराकडेच धावत होतं. पण ३०६० पूर्ण जोरात १७० वॅट ओढतं, ४०६० फक्त ११५. ओढलेली सगळी वीज शेवटी धग होऊन खोलीतच उतरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, रात्रीही भिंती निवत नाहीत. माझ्या कामाला ८ जीबी पुरते, हे मोजून पाहिलंय. ४०६० घेतलं. एसटीत खोकं मांडीवर होतं. पारोळा येईपर्यंत तीनदा उघडून पाहिलं.